पंचांची गोत्रं

वर्तमानपत्राचं क्रीडापान लावणाऱ्या उपसंपादकाची मला अधूनमधून दया येते. क्रिकेटच्या बातमीत त्याचं अडत नाही. पंच म्हणजे बोट वर करणारा माणूस, विषय संपला. मुष्टियुद्धाची बातमी आली की मात्र खरी पंचाईत. दोरखंडांच्या आत उभा असतो तोही पंच आणि खेळाडू हाणतो तोही पंच. 'पंचांनी पंच ग्राह्य धरला नाही' असं कुणी घाईघाईत लिहून गेलं, तर वाचणाऱ्याने कपाळाला हात लावायचा. अशा वेळी 'ठोसा' हा आपला जुना दणकट शब्द धावून येतो आणि पान वेळेवर छापायला जातं.

बोट वर करणारा पंच संस्कृतातून आलेला, ठोशाचा पंच इंग्रजीतून. दोघांचा संबंध नाही हे सांगायला भाषापंडित लागत नाही. गंमत त्याच्या पुढे आहे. खुद्द इंग्रजीतही पंच एकटा नाही. ठोशाचा पंच आहे, कागदाला भोक पाडायचा पंच आहे, मोठ्या वाडग्यातून डावाने वाढायच्या पेयाला पंच म्हणतात आणि समुद्रकाठच्या बाहुल्यांच्या खेळात बायकोला बडवणारा एक कुबडा पंचही आहे. स्पेलिंग एक, उच्चार एक. एकाच आडनावाची चार बिऱ्हाडं एका वाड्यात राहावीत आणि पोस्टमनने त्यांना भाऊबंद समजावं, तसा प्रकार. चौकशी केली तर कळतं की चार बिऱ्हाडांत गोत्रं तीन, आणि त्यांचं एकमेकांशी सोयरसुतक नाही.

यातलं पेयाचं बिऱ्हाड आपल्या बाजूचं. निदान तसा दावा आहे. दाव्याचा मुख्य साक्षीदार जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेकडे होता, मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरलाही जाऊन आला होता. शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकीकत त्याच्या पुस्तकात आहे, त्यामुळे शिवकालावरच्या मराठी ग्रंथांच्या तळटीपांत तो अधूनमधून भेटतो. हे पुस्तक लंडनला १६९८ साली निघालं. त्यात गोव्याच्या दारूबद्दल एक वाक्य आहे, आणि इंग्रजी शब्दांच्या इतिहासात फ्रायर अजरामर झाला तो त्या एका वाक्यामुळे. तो सांगतो की नेरूळला उत्तम दारू गाळतात. (हे नेरूळ नवी मुंबईचं नव्हे, बार्देशातलं. नामसाधर्म्याचा जाच गावांनाही आहे.) ती दारू घेऊन या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पॉन्च' नावाचं, माणसाला गलितगात्र करणारं पेय बनवतात. हिंदुस्थानीत पाचाला तसं म्हणतात आणि यात जिन्नस पाच पडतात, म्हणून हे नाव. डॉक्टर पडला म्हणून पुढे पुस्तीही जोडतो: वैद्य लोक पाच द्रव्यांच्या मिश्रणाला पाचावरून नाव देतात, त्यातलाच हा प्रकार.

हे वाचून मराठी माणूस मान डोलावणारच. सत्यनारायणाला पंचामृत, गणपतीला पंचखाद्य, सणाला पंचपक्वान्नं; पाच जिन्नस एकत्र आले की त्यांना पाचाचं नाव देणं ही आपली घरचीच रीत. दारू, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि वरून किसलेलं जायफळ, म्हणजे साहेबाचं पंचामृतच की.

पण साक्षीदार एकच नाही, आणि बाकीच्यांची मोजणी जुळत नाही. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी फ्रायरच्या कितीतरी आधी, १६३८ साली, सुरतेच्या इंग्रजांकडे उतरला होता. तिथे प्यायल्या जाणाऱ्या पेयाला तो 'पालेपुंट्झ' म्हणतो आणि आत काय असतं तेही सांगतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजून पाहा, चार. फ्रेंच बर्निए बंगालमधल्या 'बुलपोंज'बद्दल लिहितो. हे रूप म्हणजे 'पंचचा बोल', म्हणजे वाडगाच, फ्रेंच कानांनी ऐकलेला. त्याच्या यादीत गुळाची दारू, लिंबाचा रस, पाणी, थोडं जायफळ. पुन्हा चारच. लेखी पुराव्यात हा शब्द सगळ्यात आधी सापडतो तो १६३२ च्या एका पत्रात. कंपनीच्या नोकरीतल्या एकाने आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या वखारीतल्या दोस्ताला ते लिहिलेलं. त्यात पंच पिण्याची गोष्ट आहे, जिन्नसांची नाही. मित्राला ते ठाऊकच असणार.

दुसरी अडचण कानाची. त्या शतकात इंग्रजांचा या शब्दातला स्वर 'उ'कडून 'अ'कडे सरकत होता. म्हणजे १६३२ साली लिहिणाऱ्याच्या तोंडी हा शब्द 'पुंच'च्या जवळ असण्याची शक्यता बरीच. हिंदीतल्या लांब 'पाँच'शी तो कसा जुळवायचा? फ्रायरने 'पॉन्च' असं स्पेलिंग केलं ते आपली व्युत्पत्ती पटावी म्हणूनही असेल. इंग्रजीत त्या स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ सुटलेलं पोट. नियमित पिणाऱ्याला तीही व्युत्पत्ती चालली असती.

आपला मराठी 'पाच' तर या खटल्यात उभाच राहू शकत नाही. त्याला अनुस्वार नाही, आणि त्यातला च दंत्य. 'चार' म्हणताना जीभ टाळूकडे जाते, 'पाच' म्हणताना दातांवर येते. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही आणि परक्याला काही केल्या शिकवता येत नाही. इंग्रज खलाशी रत्नागिरीच्या बंदरात शिकला असता, तर त्या पेयाचं नाव 'पॅट्स' पडलं असतं.

म्हणून काही जाणकार वेगळं मत मांडतात. जहाजावर दारूची मोठमोठी पिंपं असत, त्यातल्या एका मापाच्या पिंपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणत. खलाशांनी शेपूट तोडून 'पंच' केलं असेल. हे खरं ठरलं तर बार्देश आणि हिंदुस्थान दोन्ही खटल्यातून बाद. मोठे कोश पाचाचीच बाजू घेतात, पण 'कदाचित' हा शब्द पुढे बांधून. मीही फ्रायरच्या बाजूने, आणि त्याला पुराव्यापेक्षा आपुलकी जास्त कारण आहे. गोव्याच्या माडाखाली सुरू झालेली गोष्ट लंडनच्या मेजवानीत चांदीच्या वाडग्यातून वाढली जावी, हे मनाला बरं वाटतं. शब्दांच्या बाबतीत बरं वाटणं फार धोक्याचं असतं, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

बाहुलीचं गोत्र इटलीचं, आणि त्याबद्दल वाद नाहीत. नेपल्सच्या लोकनाट्यात पुल्चिनेल्ला नावाचं एक सोंग होतं: पांढरा अंगरखा, काळा मुखवटा, पक्ष्याच्या चोचीसारखं नाक. पिल्लाला इटालियनमध्ये 'पुल्चिनो' म्हणतात, नाव बहुधा त्यावरूनच. इंग्रजांनी आधी त्याचा 'पंचिनेल्लो' केला, मग अर्धं नाव गिळून नुसता पंच. आपण नाही का दत्तात्रेयाचा दत्तू करत. रोजनिशीमुळे प्रसिद्ध असलेल्या सॅम्युएल पीप्सने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि त्याला तो फारच आवडला. पंचचा इंग्लंडमधला वाढदिवस म्हणून तीच तारीख धरतात, त्या चौकातल्या चर्चच्या भिंतीवर तशी नोंदही कोरली आहे. खेळ करणारा तोंडात एक छोटी पिपाणी धरतो, म्हणून पंच चिरक्या, खरखरत्या आवाजात बोलतो. पिपाणी गिळली जाण्याची भीती कायम असते.

पीप्सचीच १६६९ मधली एक नोंद मला खेळापेक्षा जास्त आवडते. गल्लीतली गरीब माणसं आपल्या गुबगुबीत पोराला 'पंच' म्हणून हाक मारताना त्याने ऐकली. तो म्हणतो, आता जे काही बुटकं आणि जाड असेल त्याला लोक सर्रास पंच म्हणू लागलेत. फक्त सात वर्षांत नेपल्सचा विदूषक लंडनच्या गल्लीत बाळाचं लाडनाव झाला. पुढे सफोक परगण्यातल्या नांगराच्या घोड्यांना 'सफोक पंच' नाव पडलं तेही याच अर्थाने, असं मानतात. आखूड पाय, गोल पोट, अंगात अचाट ताकद. आज असलेल्या या जातीच्या प्रत्येक घोड्याचं पितृकुळ १७६८ साली जन्मलेल्या एकाच वळूघोड्याशी जाऊन मिळतं. घोड्यांचं गोत्र शब्दापेक्षा पक्कं लागतं ते असं.

१८४१ मध्ये लंडनला याच बाहुल्याच्या नावाने 'पंच' हे विनोदी साप्ताहिक सुरू झालं. संस्थापकांपैकी एकाचं आडनाव लेमन. कुणीतरी म्हणालं म्हणे, पंचमध्ये लेमन हवाच. एका शाब्दिक कोटीत बाहुली आणि पेय अशी जमली. वेगळ्या कुळातली माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारी बसावीत आणि उठेपर्यंत 'आपण लांबचे नातेवाईकच निघालो की हो' म्हणावं, तशी. या साप्ताहिकाच्या नकला जगभर निघाल्या. मुंबईत १८५४ साली 'पारशी पंच' निघालं, पुढे त्याचंच 'हिंदी पंच' झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथल्या व्यंगचित्रांत इंग्रजी पंचच्या जागी एक देशी पात्र येऊन उभं राहिलं. त्याचं नाव पंचोबा.

पंचोबा! खंडोबा, विठोबा, म्हसोबा यांच्या रांगेत नेपल्सचा विदूषक. त्या 'ओबा'त केवढी मांडवली आहे. तो आता बायकोला बडवत नाही. काँग्रेसला सल्ला देतो, सरकारला चिमटे काढतो. वाचणाऱ्याला मागे पुल्चिनेल्ला दिसत नाही, गावच्या पारावर बसलेला पंच दिसतो. पाचामुखी परमेश्वर असतो त्या पाचांपैकी एक. शब्दाला खोटं कूळ मिळालं, पण काय शोभून दिसलं.

राहिलं ठोसा आणि भोक यांचं गोत्र. माझं सगळ्यात जास्त प्रेम यावरच. मूळ लॅटिनमध्ये, अर्थ टोचणे. टोचण्यापासून भोक समजतं. ठोसा कसा आला? इंग्रजीत या क्रियापदाचा जुना अर्थ काठीने ढोसणे असा होता. अमेरिकेत गुरं हाकणाऱ्याला 'काउपंचर' म्हणतात तो त्याच अर्थाने. गाईंना ठोसे मारण्याइतका तो बावळट नव्हता, लांब काठीचं टोक लावून पुढे ढकलायचा. आपल्याकडे त्या काठीला पराणी म्हणतात आणि तिच्या टोकाच्या अणकुचीदार खिळ्याला आर. पराणीच्या जागी मूठ आली की झाला ठोसा.

या गोत्राची माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. नाकाला झोंबणारा उग्र वास 'पंजंट', वेळेच्या नेमक्या टोकावर हजर होणारा 'पंक्च्युअल', वाक्यात टिंबं देणारं 'पंक्च्युएशन', सगळी सख्खी भावंडं. एक भाऊ तर आपल्या नाक्यावरच बसलेला असतो: जुना टायर टांगलेला, पत्र्यावर लाल रंगात 'पंचर' लिहिलेलं. शुद्धलेखनाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं. 'पंक्चर'मधला क गाळून त्या पोराने शब्द नकळत 'पंच'च्या जवळ आणून ठेवलाय, आणि ते नातं खरं आहे.

छापखान्यातला पंच मात्र आता विस्मरणात गेला. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा प्रत्येक अक्षराचा जन्म पंचपासून व्हायचा. पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटं आणि उठावदार कोरायचा. कानशीने घासायचा, दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा घ्यायचा, पुन्हा घासायचा. मनासारखं झालं की कांब तापवून पाणी देऊन कडक करायची आणि हातोड्याच्या एका घावात तांब्याच्या पट्टीवर उमटवायची. त्या पट्टीला मातृका म्हणत. तिच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार. टोचणं आणि ठोसणं, या घराण्याचे दोन्ही गुण त्या एका घावात. देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, रफार धरले तर असे पंच शेकड्यांनी लागत.

बंगालमध्ये हुगळीला १७७८ साली हॅल्हेडचं बंगाली व्याकरण छापलं गेलं. त्याची अक्षरं चार्ल्स विल्किन्सच्या देखरेखीखाली तयार झाली आणि पोलादावर हात चालला तो एका बंगाली लोहाराचा. हाच माणूस पुढे श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यात गेला आणि तिथे त्याने देवनागरीचे पंच कोरले. त्याच छापखान्यातून १८०५ साली केरीचं मराठी व्याकरण बाहेर पडलं. या लोहाराचं नाव पंचानन कर्मकार. पंचानन म्हणजे पाच मुखांचा, शंकर. जन्मभर पंच कोरणाऱ्या माणसाचं नाव पंचानन असावं, याला निव्वळ योगायोगापलीकडे काही अर्थ नाही. त्याच्या नावातला पंच वेगळा, हातातला वेगळा. माहीत असूनही मला दर वेळी हसू येतं.

मुंबईकरांना दुसरा पंच आठवेल, बेस्टच्या कंडक्टरच्या मुठीतला. पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे, आणि ती चिमट्यासारखी वस्तू. 'तिकीट' असं तोंडाने म्हणायची गरज नसे. त्या पंचची टकटक गर्दीतून पुढे सरकत यायची आणि हात आपोआप खिशात जायचे. तिकिटावरच्या आकड्यांत नेमक्या ठिकाणी भोक पडायचं. चढलात कुठे आणि उतरायचं कुठे, ते त्या भोकात. अमेरिकेतल्या रेल्वेच्या कंडक्टरांनी ही युक्ती आणखी पुढे नेली होती. तिकिटावर केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण यांचे रकाने असत आणि कंडक्टर प्रवाशाकडे बघून भोकं पाडत जाई, म्हणजे एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरायला नको. हे बघून हर्मन होलेरिथच्या डोक्यात प्रकाश पडला. देशातल्या प्रत्येक माणसाचं असं भोकांचं चित्र एका कार्डावर काढलं तर? १८९० ची अमेरिकन जनगणना त्याच्या पंचकार्डांवर मोजली गेली, आणि त्याची कंपनी ज्या कंपन्यांत मिसळली त्यांचीच पुढे आयबीएम झाली.

भोक नीट पडलं नाही तर काय होतं ते २००० साली फ्लोरिडात दिसलं. मतपत्रिकेची कागदी टिकली अर्धवट लोंबकळत राहिली, काही ठिकाणी तर नुसता फुगवटा आला. मत धरायचं की नाही यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अखेर ५३७ मतांच्या फरकाने ठरला.

आपल्या ऑफिसांतूनही पंचकार्ड गेलं, पण 'पंचिंग' राहिलं. आता यंत्रावर बोट टेकवतात आणि म्हणतात, 'पंच झालं का?' ना टोचणं, ना भोक. आणि या बोटामुळेच लोक पुन्हा पाचाकडे वळतात. ठोसा म्हणजे पाच बोटांची मूठ, म्हणून पंच. आपला पंजाही पाचावरूनच. हे मी इतक्या शहाण्या माणसांकडून ऐकलंय की खोडून काढायचा आता कंटाळा येतो. शिवाय अर्धं खरंही आहे. पंजा फारसीतल्या पाचावरून आलाय यात शंका नाही. संस्कृत पंच, लॅटिन 'क्विंक्वे', इंग्रजी 'फाइव्ह' हे एकाच आजोबाचे नातू, एकमेकांसारखे बिलकूल न दिसणारे. मुठीसाठीचा इंग्रजी शब्द 'फिस्ट' आणि बोटासाठीचा 'फिंगर' हेही त्याच आजोबाचे असावेत, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मूठ पाचाच्या नात्यातली, बोट नात्यातलं, पण मूठ जे मारते ते मात्र परक्या घरचं.

२०२१ च्या ऑक्टोबरात टाटांनी 'पंच' नावाची मोटार बाजारात आणली. पुण्याच्या कारखान्यातलीच गाडी, २०२४ साली देशात सगळ्यात जास्त खपली. कंपनीच्या मनात ठोसा असणार, जाहिरातींचा सगळा आवेश तसा होता. मला मात्र पीप्सच्या गल्लीतलं बाळ आठवतं. बुटकी, रुंद, जमिनीपासून जरा उचललेली. सफोकच्या घोड्याशेजारी उभी केली तर शोभेल. आमच्या इमारतीत एकांनी घेतली तेव्हा पेढे देताना नावाचा अर्थ विचारायचा मोह मला आवरला नाही. मुलगा 'पॉवर, काका' एवढंच म्हणाला. आजींनी त्याला गप्प केलं. 'अहो, पाच माणसं बसतात, म्हणून पंच,' त्या म्हणाल्या. फ्रायरने जिन्नस मोजले होते, आजींनी सीटा मोजल्या. दिवाळीनंतर त्याच गाडीत सात जण कोंबून त्या जेजुरीला जाऊन आल्या.